एका नावाचे दोन गाडे

माझ्या आवाजाला मावळात किंमत आहे. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी वेळेवर सांगत नाही. चैत्र लागला की कामशेतपासून पवनानगरपर्यंत जिथं जिथं बैलगाडे पळतात, तिथला माईक बहुतेक माझ्याच हातात असतो. एरवी मी निवृत्ती वाघोले, उंबरवाडीचा, इंद्रायणी भात करणारा साधा माणूस. पण घाटावर मी तोंड उघडलं की बैल निघतात, असं माझं म्हणणं आहे. माझी बायको सविता म्हणते, बैल माझा आवाज ऐकून पळून जातात. मी म्हणतो, पळतात ना, मग झालं तर.

ज्यांनी आमच्याकडची शर्यत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. घाट म्हणजे चढावरची लांब धावपट्टी. एका वेळी चार बैलांचा एकच गाडा पळतो, पुढं घोडेस्वार असतो आणि स्पर्धा घड्याळाशी असते. गाड्याच्या एका पळण्याला आम्ही बारी म्हणतो. कुणाची बारी कितवी हे टोकनावर ठरतं. सकाळच्या गारव्यात बारी आली तर बैल खुशीत असतात, दुपारच्या उन्हात तेच बैल तोंड फिरवतात. म्हणून टोकनावरून आमच्या तालुक्यात जेवढी भांडणं झाली असतील तेवढी बांधावरूनही झाली नसतील.

गेल्या वर्षी यात्रा कमिटीनं कुठल्याशा पार्टीकडून ऑनलाइन टोकनं करून घेतली. आमचं गाव कान्ह्याच्या पलीकडं, डोंगराआड. इथं रेंज पाहुण्यासारखी येते आणि चहा न घेताच जाते. माणूस बटण दाबायचा, स्क्रीनवर चाक फिरत राहायचं, उत्तर यायचं नाही. माणूस पुन्हा दाबायचा. त्या शहाण्या यंत्रानं प्रत्येक दाबण्याला एक नवं टोकन दिलं. एकेकाच्या नावावर चार चार टोकनं, आणि ज्यांचे बैल खरंच दारात सजून उभे होते त्यांना एकही नाही. घाटावर मी नाव पुकारायचो, गाडा यायचा नाही. पुढचं नाव वाचलं तर तेच नाव. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "निवृत्तीभाऊ, रेकॉर्ड अडकली का?" सगळा घाट हसला. भर चौकात माझं धोतर सुटलं असतं तर मला एवढी लाज वाटली नसती.

म्हणून यंदा मी कमिटीत उभा राहिलो आणि म्हणालो, माझ्या पोरीला विचारा.

कोमल पुण्यात नोकरी करते. बँकांचे व्यवहार एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडं बिनचूक जावेत, हे तिचं काम. ती नक्की काय करते हे मला तिनं पुष्कळदा सांगितलं होतं आणि मी पुष्कळदा मान हलवली होती. या वेळी कमिटीचे अध्यक्ष मारुती आबा समोर होते, त्यामुळे तिला नीट सांगावं लागलं आणि मलाही पहिल्यांदाच नीट कळलं.

"आबा, कामशेत स्टेशनवर तिकिटाची खिडकी असते ना? आत कोण बसलंय, कसा हिशेब ठेवतंय, याच्याशी तुम्हाला काही करायचं नसतं. गाव सांगितलं, पैसे दिले, तिकीट आलं पाहिजे. मी अशीच खिडकी बांधणार. तिला एपीआय म्हणतात. फरक एवढाच की या खिडकीवर माणसांच्या जागी यंत्रं रांगेत उभी राहतील. गाडामालकाच्या फोनमधलं ॲप येईल, घाटावरचा मोठा बोर्ड येईल, लाइव्ह दाखवणारे येतील. सगळ्यांना एकाच खिडकीवर एकच उत्तर मिळेल."

"आन् रेंज गेली तर?" आबांनी विचारलं.

"रेंज जाणारच, आबा. ती जाणार हे धरूनच बांधायचं."

हे ती असं बोलली की आबांनी तिथंच काम तिला देऊन टाकलं. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो, कारण छाती फुगलेली लोकांना दिसू नये.

मला वाटलं होतं, आता ती लॅपटॉप उघडून खटाखट सुरू होईल. तिनं आधी चार पानं लिहिली. खिडकीवर काय मागायचं, काय मिळेल, नाही मिळालं तर नकार कोणत्या शब्दांत येईल आणि पुढं काय करायचं, सगळं त्यात. शेवटी एक ओळ: यात्रा होईपर्यंत यात भर पडेल, पण यातलं काही मोडणार नाही. ती पानं तिनं दोघांना पाठवली. एक प्रज्ञेश, कामशेतचा पोरगा, शर्यतींचे मोठे बोर्ड चालवतो. दुसरी तेजल, तुंगार्लीत तिचा छोटा स्टुडिओ आहे, ती शर्यती मोबाइलवर लाइव्ह दाखवते.

प्रज्ञेश आमच्या ओसरीवर येऊन वाद घालत बसला. "ताई, मी गाडा नावावरून शोधतो. लोक नावच ओळखतात. हा नंबर कशाला मध्ये?"

"नाव दाखवायला घे," कोमल म्हणाली. "ओळखायला नंबरच घे. प्रत्येक बारीला माझ्याकडून एक नंबर येईल, तो कधी बदलणार नाही आणि दुसऱ्या कुणाला मिळणार नाही."

"नाव कुठं बदलतंय?"

"आत्ता माहीत नाही. पण नाव हे लोकांचं असतं, ते आपल्या हातात नसतं."

प्रज्ञेशनं तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. पोरगा गुणी आहे, फक्त आधी तोंड वाकडं करतो.

मी मात्र एका गोष्टीवर हटून बसलो. "कोमे, कायबी कर, पन एका नावाला एकच टोकन. त्येच त्येच नाव पुन्ना माझ्या म्होरं आलं न्हाई पायजे." तिनं गेल्या वर्षीची यादी पाहिली. त्यात नावं खरोखरच दोनदा, चारदा आलेली. मी शेजारी बसून प्रत्येकावर कपाळाला हात लावत होतो. तिनं नियम घातला: गाड्याचं नाव आणि गाव तेच असेल, तर दुसरं टोकन नाही.

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्यात गाडा जिवंत माणसाच्या नावानं क्वचितच पळतो. बाप गेला की गाड्यावर त्याचं नाव लागतं, मग तो पुढं कितीही वर्षं पळो. माझा गाडा 'कै. गेनू बाळा वाघोले, उंबरवाडी' या नावानं पळतो. गेनू बाळा माझे वडील. माझ्या थोरल्या भावाचे, हौशीरामचेही.

वाटणी झाली तेव्हापासून आम्ही दोघं बोलत नाही. का झाली, कोण काय म्हणालं, ते सांगत बसलो तर ही गोष्ट बाजूला राहील, आणि दादा त्याची वेगळी गोष्ट सांगेल. विहीर, भाताची खाचरं, म्हशी सगळं वाटलं. बैलगाडा माझ्या वाट्याला आला. दादानं त्यानंतर बैल ठेवलेच नाहीत. एकाच आळीत राहून आम्ही एकमेकांच्या दारासमोरून मान वळवून जात होतो.

नोंदणी रविवारी सकाळी उघडली. भैरवनाथाच्या सभामंडपात कोमल लॅपटॉप घेऊन बसली होती, शेजारी मारुती आबा, आणि बघ्यांचं तर विचारू नका. रेंज नेहमीसारखीच जाऊन येऊन होती. एक मालक तर मंडपातच उभा राहून बटण बडवत होता. पाच-सहा वेळा बडवून झालं आणि फोनवर टोकन उमटलं, एकच. त्यानं हावरटासारखं पुन्हा बडवलं. नवं टोकन मिळणार नाही, असं उत्तर आलं. "लय चिवट हाय की ही खिडकी!" तो म्हणाला. मी मिशीवरून हात फिरवला. एवढ्यात मंडपाच्या पायऱ्यांवर दादा उभा राहिला.

त्याच्यामागं त्याचा मुलगा सत्यम, चेहरा उतरलेला. दादानं सत्यमच्या हातातला फोन घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

"वाचा कुनीतरी," तो म्हणाला. "माझा चष्मा घरी ऱ्हायलाय."

कुणी वाचलं नाही. मग सत्यमच हळू म्हणाला, "हे नाव आधीच नोंदवलेलं आहे. नवं टोकन मिळणार नाही."

तेव्हा आम्हाला कळलं. दादानं गुपचूप बैल घेतले होते. दोन स्वतःचे, दोन मेव्हण्याचे. महिनाभर पाहुण्यांच्या माळावर सराव केला होता. आणि नाव लावलं होतं कै. गेनू बाळा वाघोले, उंबरवाडी, ज्या नावानं मी सकाळीच टोकन घेतलं होतं.

"माझ्या बापाच्या नावानं मला टोकन न्हाई?" दादाचा आवाज चढला. आवाज आमच्या घराण्यातच आहे. "कुनी ठरवलं ह्ये? निवृत्तीच्या पोरीनं?"

मी उठलोच. "गाडा वाटनीत मला आलाय. नाव गाड्यासंगं आलं."

"नाव वाटनीत आलं? सातबारा दाखीव की मग नावाचा!"

मंडपात कुणीतरी हसलं. माझे कान तापले. खरं सांगतो, त्या क्षणी मला तो नियम फार आवडला होता. पोरीनं बांधलेल्या यंत्रानं आपण होऊन माझी बाजू घेतली, असं वाटलं. दादाकडं बघून मला कळत होतं की त्यालाही तेच वाटतंय, आणि आज टोकन न घेता तो या पायऱ्या उतरला तर पुन्हा कधी चढणार नाही. माझ्या मयतालाही येणार नाही.

कोमल उठली. गर्दीतून वाट काढत दादापर्यंत गेली, फोन हातात घेतला आणि स्क्रीन नीट वाचली. आपणच लिहिलेलं वाक्य ती पहिल्यांदा वाचत असल्यासारखी.

"नाना," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू येईल असं, "ही चूक माझी आहे. तुम्हाला थांबवायचा मला काही अधिकार नव्हता."

"अगं, सांग की त्येला स्वताच्या नावानं भर म्हनून," मी तिच्या कानाशी म्हणालो.

ती कुजबुजली नाही, मोठ्यानंच म्हणाली, "आण्णा, नियम माझा आहे. नाव आजोबांचं आहे. दोन्हीतलं एक बदलायचं तर माझं बदलेल."

मी गप्प बसलो. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

तिनं आबांना सांगितलं की नोंदणी थोडा वेळ थांबवते, ज्यांना टोकनं मिळालीत त्यांची तशीच राहतील. मग मला बाजूच्या ओट्यावर बसवून तिनं गेल्या वर्षीची यादी पुन्हा उघडली. "आता प्रत्येक नाव वाचा. कपाळाला हात न लावता. ही माणसं कोण?"

मी वाचू लागलो आणि माझीच फजिती झाली. "ह्ये चार म्हंजी बटन बडवलेलं, ह्ये खरं. पन ह्ये दोगं भाऊ हाएत. ह्ये चुलतभाऊ. हा तर आजोळच्या म्हाताऱ्याच्या नावानं पळवतो, त्येच्या मामाचा बी गाडा त्याच नावानं हाय." वर्षानुवर्षं ही नावं मी माईकवर पुकारली, घोळवून घोळवून पुकारली. पण एका नावामागं दोन चुली असतात हे मला माझ्या रागात आठवलं नव्हतं, आणि पोरीनं माझ्या रागावर विश्वास ठेवला होता.

"म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी मी एका नियमात कोंबल्या," ती म्हणाली. "एक, तोच माणूस तीच विनंती पुन्हा पाठवतोय. दोन, दुसरा माणूस त्याच नावानं आलाय. मला दोन्ही सारखेच दिसले."

"मग वेगळं वळखायचं कसं?"

"तुम्ही घाटावर खालून निशाणवाल्याला विचारता ना, झाली का म्हणून? त्यानं निशाण हलवलं पण तुम्हाला दिसलं नाही, तर?"

"तर पुन्ना इचारतो."

"मग तो गाडा पुन्हा पळवतो का?"

"येडा हाय का त्यो? पुन्ना निशान हलवतो."

"बस. पुन्हा विचारलं तर पुन्हा उत्तर द्यायचं, काम पुन्हा करायचं नाही. त्यासाठी फॉर्म उघडल्या उघडल्या फोनच एक खूण तयार करेल, जगात दुसरी नसेल अशी. तो फॉर्म दहा वेळा पाठवला तरी खूण तीच, म्हणून टोकन तेच. नानांच्या फोनवर खूण वेगळी, म्हणून टोकन वेगळं. नाव काहीही असो."

आबांचे कान आमच्याकडंच होते. ते म्हणाले, "आन् कुनी लबाडानं चार येळा नवा फॉर्म भरला, म्हंजी?"

"बैलांचा डॉक्टरी दाखला आपण घेतोच, आबा. त्यात बैलाच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर असतो. तो फॉर्ममध्ये घेऊ. तेच बैल असतील तर तोच गाडा." मग ती जरा हसली. "गाडा काही नावावर पळत नाही. बैलांवर पळतो."

मंडपातले सगळे गाडामालक एकदम "व्हय व्हय" म्हणाले. हे त्यांना लगेच पटलं, एपीआय म्हणजे काय ते कळो न कळो.

ती तिथंच खांबाला टेकून कामाला लागली. सविता तिच्यासाठी भाकरी घेऊन आली आणि भाकरी तशीच राहिली. मला सगळ्यात भीती होती ती प्रज्ञेशची आणि तेजलची. त्यांचं सगळं तयार होतं. खिडकीचा नियम बदलला म्हणजे त्यांचंही मोडणार, मग ते आमच्या नावानं शंख करणार. प्रज्ञेशचा फोन आलाच. कोमलनं स्पीकर लावला.

"ताई, नियम बदलला म्हणे. मला काय काय बदलायचंय?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"तू नंबरावरून ओळखतोस ना? मग तुला जे येत होतं तेच येईल. एक ओळ वाढलीये, बिल्ल्यांची. नको असेल तर बघू नकोस."

"त्या दिवशी मी उगाच डोकं खात होतो तुमचं," तो म्हणाला. तेजलनं तर नुसता अंगठा पाठवला. तिच्याकडं एक अक्षर हललं नव्हतं.

ऊन कलायच्या आत नोंदणी पुन्हा उघडली. ज्यांना ज्यांना सकाळी नकार गेला होता त्यांना कोमलनं स्वतः फोन केले, प्रत्येकाला आपली चूक सांगितली आणि पुन्हा भरायला लावलं. मी म्हणालो, एवढं पायाशी कशाला लोळण घ्यायचं, आपोआप कळेल त्यांना. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी पाणी आणायला गेलो. परत आलो तेव्हा पायरीवर बसलेल्या दादाच्या फोनवर टोकन आलं होतं. तो ते डोळ्यांजवळ धरून बघत होता. चष्मा त्याच्या खिशातच होता, मला दिसला.

यात्रेच्या दिवशी आमची बारी सकाळची होती. आमचे बैल छान पळाले, उगाच नम्रपणा कशाला. दुपारपर्यंत आमचा गाडा वरच्या नंबरात होता. कोमल घाटावरच्या मंडपात माझ्या शेजारी बसली होती, शंभर पुरुषांत एकटी पोरगी. पहिल्यांदा लोक तिच्याकडं टकमक बघत होते. नंतर येऊन तिलाच विचारू लागले, "ताई, आमची बारी कितवी?"

दादाची बारी ऐन उन्हात होती. मी आदल्या दिवशीच ठरवून ठेवलं होतं की ती आली की माईक दुसऱ्या निवेदकाकडं द्यायचा आणि आपण पाणी प्यायला जायचं. कुणाला काही वाटलं नसतं. मी माईक पुढं केलाही. तेवढ्यात बोर्डवर नाव उजळलं: कै. गेनू बाळा वाघोले, उंबरवाडी.

बोर्ड केवढा मोठा, आणि त्यावर बापाचं नाव. माईक मला कुणाकडं देता येईना. मी तो तोंडाशी ओढला आणि पुकारलं. नेहमी पुकारतो तसंच, कदाचित जरा जास्तच. घोडी निघाली, मागून गाडा उठला. धुळीत चार पाठी एकसारख्या वरखाली होताना दिसत होत्या, आणि मी "भिर्रर्र" म्हणत उभा राहिलो ते गाडा निशाणाखालून पार झाल्यावरच थांबलो. वेळ झकास होती, हे माझ्या डोळ्यांना कळलं. बोर्डाला कळलं नाही. बोर्डवर आलं: वेळ येत आहे.

गर्दी एवढी झाली होती की टॉवरनं मान टाकली होती. वरच्या टोकाला घड्याळावर बसलेला माणूस घाबरून बटण दाबत होता, ते मला खालून दिसत होतं. गेल्या वर्षी अशा वेळी बोर्डवर शून्य आलं होतं आणि त्या शून्यावरून हाणामारी झाली होती. लोक ओरडायला लागले, "वेळ सांगा! वेळ सांगा!" दादा घाटाच्या कडेला उभा होता, बोर्डाकडं बघत. आणि मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत नोंदणीच्या दिवशीचा सभामंडप होता, सगळा.

मी कोमलकडं वाकलो. "गेली का वेळ?"

"नाही, आण्णा. घड्याळात जपून आहे. रेंज आली की येईल, आणि एकदाच येईल." तिचा हात लॅपटॉपवरही नव्हता, मांडीवर होता. "उशीर होईल, पण चुकीची येणार नाही. तुम्ही बोलत राहा."

मग मी बोलत राहिलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. मी माझ्या बापाबद्दल बोललो. लोकांना सांगितलं की गेनू बाळा बैलाला कधी चाबूक लावत नसे, आणि शर्यतीहून परत येताना रिकाम्या गाड्यात त्याची दोन पोरं बसायची. थोरला धाकट्याला घट्ट धरून ठेवायचा, कारण धाकटा बोलायला लागला की हात सोडायचा. हे मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. दादा आता बोर्डाकडं बघत नव्हता.

आणि वेळ आली. एकदाच आली. बारा सेकंदांच्या आतली, आमच्यापेक्षा सरस.

ओरडा केवढा झाला, विचारू नका. भंडारा उधळला, बैल पिवळे, सत्यम पिवळा. त्या घड्याळवाल्यानं घाबरून किती वेळा बटण दाबलं देव जाणे, पण बोर्डवर एकच ओळ होती, आणि मारुती आबा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "निवृत्ती, पोरगी लाखात एक हाय." मी म्हटलं, "व्हय, माझीच हाय," आणि मला ते अगदी मनापासून म्हणायचं होतं.

दादा मंडपात आला. माझ्याकडं न बघता सरळ कोमलपुढं गेला, मुठीतला भंडारा तिच्या कपाळाला लावला, थोडा लॅपटॉपलाही लावला. "नाना, आत जाईल तो!" ती ओरडली. तो हसला. मग तिथंच उभा राहिला, जायचं का थांबायचं ते त्याला कळत नव्हतं. मी माझी पाण्याची बाटली टेबलावरून त्याच्या बाजूला सरकवली. त्यानं ती उचलून अर्धी संपवली.

संध्याकाळी निकाल वाचायला घेतला. बोर्डवर पहिल्या नंबरांची यादी आली. प्रज्ञेश धावत मंडपाशी आला. "ताई, खालीवर तेच नाव दिसतंय. काही चुकलं का?"

"नाही," कोमल म्हणाली. "बरोबर आहे."

मी वाचलं. "दुसरा नंबर, कै. गेनू बाळा वाघोले, उंबरवाडी." टाळ्या झाल्या. "तिसरा नंबर, कै. गेनू बाळा वाघोले, उंबरवाडी."

गर्दीतून कुणीतरी ओरडलंच. गेल्या वर्षीचाच तो असावा. "निवृत्तीभाऊ, रेकॉर्ड अडकली का?"

सगळा घाट हसला. मी हसू संपू दिलं, आणि मग जेवढा आवाज देवानं मला दिलाय तेवढा लावून माईकवर सांगितलं:

"न्हाई! रेकॉर्ड चांगली हाय. गाडे दोन हाएत, बाप एक हाय. दुसऱ्या नंबराचे गाडामालक, माझे थोरले बंधू हौशीराम गेनू वाघोले, त्यांनी पुढं यावं."